मोजणीच्या दिवशी चावडीवर

"चावडी बघायची म्हणत होतीस ना? मग उद्याच ये. उद्या पाडण्यासाठी मोजणी आहे," सुनंदा फोनवर म्हणाली. सुनंदा माझी कॉलेजची मैत्रीण; काष्टीच्या पुढे तिचं गाव. मी रजा टाकली.

पुण्याहून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट. दौंड सोडून भीमा ओलांडली की नगर जिल्हा सुरू. रस्ता बरा आहे, पण कारखाने चालू असताना उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायची तयारी ठेवा. काष्टीत झणझणीत मिसळ खाल्ली आणि सुनंदाच्या स्कूटीवर बसले.

चावडी दगडी, बुटकी, सागवानी खांबांची. आत वीसेक मुली पोलीस भरतीचा अभ्यास करत होत्या. उंबऱ्यावर गावातल्या पारूबाई बसलेल्या. आतली झाडलोट त्याच करतात, पगाराशिवाय.

"हितं माझ्या सासऱ्यानं तलाठ्यापुढं अंगठा दिला," त्या म्हणाल्या. "मग शाळा भरली. माझी थोरली हितंच पहिली शिकली. मग रेशनचं गोडाऊन झालं, लई उंदरं! आमीच सारवलं, आन् पोरी बसायला लागल्या. इतक्या येळा कामाला आली, अन् आता म्हनं पडकी हाय!"

अकराच्या सुमारास पंचायतीचे एक सदस्य टेप घेतलेल्या इंजिनिअरला घेऊन आले. इथं दुकानांचे गाळे होणार होते.

"पारूबाई, उठा. मोजू द्या."

"न्हाई उठत."

सुनंदा त्यांच्या शेजारी बसली. एकेक मुलगी पुस्तक घेऊन बाहेर आली आणि बसली. आत जायला वाटच उरली नाही.

सदस्य माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही पाहुण्या आहात. बाजूला व्हा."

आयुष्यात कधी कुणाला अडवलं नव्हतं. मी पारूबाईंना टेकून बसले.

"बगा," पारूबाई म्हणाल्या, "पाव्हनी बी न्हाई उठत."

तासभर थांबून इंजिनिअरनं टेप गुंडाळली. सुनंदानं 'मोजणी झाली नाही' असं त्याच्याकडून लिहून, सही करून घेतलं. मुली पुन्हा आत गेल्या.

आता घरी बसून हे लिहितेय. चावडी पाडायचा पंचायतीचा ठराव अजून रद्द झालेला नाही. ते पुन्हा येतील. सुनंदानं कळवलंय की मुलींनी आतून चुना मारला आणि आता त्या पाळीपाळीनं उंबऱ्यावर बसतात. पुढच्या रविवारची पाळी मी मागून घेतलीय.

तुम्हीही जा. फोटो काढा, खांबांवर हात फिरवा. फक्त आत हळू बोला. मुली अभ्यास करतायत.