माधवनगरच्या परड्यातले पाहुणे

महाबळेश्वराहून निघालो तेव्हा अंगात स्वेटर होता. साताऱ्याला एस.टी. बदलली तोवर घामाने सदरा पाठीला चिकटला. त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळाचं दुसरं वर्ष. आम्हा नागपूरकरांना उन्हाचं काय कौतुक, पण विट्याच्या अलीकडे टायर फुटला आणि खाली उतरलो, तेव्हा मात्र हबकलो. नजर जाईल तिथवर हिरवं पान नव्हतं. रस्त्याच्या कडेने गाठोडी घेतलेली माणसं सांगलीकडे चालली होती. एका बाईला विचारलं, “कुठं निघालात?”

“पानी आसंल तिकडं,” ती म्हणाली आणि थांबली नाही.

सांगलीच्या अलीकडे माधवनगरला उतरलो. माझा शाळासोबती शरद तिथल्या गिरणीत कारकून होता. जेवायला तो मला गोदाक्कांच्या खानावळीत घेऊन गेला. गोदाक्का साठीच्या, आवाज खणखणीत. “या भाऊ, बसा. ताटात काय टाकू नगा, लय वंगाळ (वाईट) साल हाय.” मिलोची (रेशनवरच्या परदेशी ज्वारीची) तांबडी भाकरी, पातळ आमटी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). खर्ड्याने डोळ्यांत पाणी आलं तशी त्या हसल्या.

हात धुवायला मागच्या परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत) गेलो. तिथे रकमा नावाची तरुण बाई भांडी घासत होती. ती आटपाडीकडची. नवरा गावाकडे छावणीत जनावरांपाशी राहिलेला. आंधळ्या सासऱ्याचा हात धरून ती इथवर चालत आली होती आणि गोदाक्कांनी दोघांना परड्यात जागा दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना बाहेर गलका झाला. रकमाचा म्हातारा सासरा दारासमोरच्या लिंबाखाली भाकरी खात बसला होता. पोलिसांनी त्याला दंडाला धरून उठवलं होतं. रकमा धावत गेली, तर तिलाही गाडीत चढवलं. गोदाक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

“आवं जमादार, माजं पावनं हायती ते!”

“रस्त्यावर बसलाय, हातात भाकरी हाय. भीक मागनं गुन्हा हाय, बाई. आनि भीक मागाय लावनाऱ्यावरबी केस हुती. लय बोलू नगा.”

मला राहवेना. म्हणालो, “मीही बाहेरगावचा. याच घरची भाकरी मीही खातोय. मग मलाही न्या.”

जमादाराने माझ्या बुटांकडे पाहिलं. “तुमी प्रवासाला आलाय, सायेब. ह्यांचं तसं न्हाई.” हे तो मुळीच रागाने बोलला नाही. समजूत घातल्यासारखं बोलला आणि गाडीत चढला.

सांगलीच्या कोर्टात शरदने एक वकील गाठला. वकिलांनी गोदाक्कांना व्हरांड्यातच बजावलं, “ही माणसं माझी, असं म्हणालात तर केस तुमच्यावर शेकेल.” गोदाक्कांनी पदर खोचला आणि आत गेल्या.

“रकमा माज्याकडं कामाला हाय, सायेब. दळन, भांडी, समदं करती. भिकारीन न्हाई ती.”

मॅजिस्ट्रेटनी रकमाला सोडलं. मग विचारलं, “आणि हा म्हातारा?”

“त्योबी हाय कामाला.”

“काय काम करतो?”

गोदाक्का अडखळल्या. तेवढ्यात म्हाताराच हात जोडून म्हणाला, “मला दिसत न्हाई, सायेब. माझ्यानं काम हुत न्हाई. त्या माउलीनं जेवाय घातलं, तिला यात वडू नगा.”

त्याला भिकारीगृहात धाडायचा हुकूम झाला. गोदाक्कांवरही भीक मागायला लावल्याचा खटला भरला गेला, त्या जामिनावर सुटल्या एवढंच.

बाहेर रकमा म्हाताऱ्याला नेणाऱ्या गाडीकडे धावली. “मलाबी न्या! मामंजीला येकल्याला उमगायचं न्हाई!” शिपाई म्हणाला, “तू सुटलीस नव्हं? जा की घरला.” आत म्हातारा हवेत हात फिरवत तिचा हात शोधत होता. दार लागलं. कोर्टात माणसं रडतात ती शिक्षा झाली म्हणून. सुटका झाली म्हणून ऊर बडवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

रात्रीच्या गाडीने मी परतलो. घरी सगळे महाबळेश्वरचं विचारत होते. मी सांगत होतो, पण सांगण्यात जीव नव्हता.

दिवाळीत शरद नागपूरला आला. गोदाक्कांच्या खटल्याच्या तारखा चालूच होत्या आणि परड्यात आणखी दोन कुटुंबं उतरली होती, असं त्याने सांगितलं. मी रकमाचं विचारलं.

“भिकारीगृहाचा पत्ता काढत चालत गेली. भेटू देईनात, म्हणून फाटकासमोर बसून राहिली. तिथून तिलाही धरलं.”

“म्हणजे सासऱ्यापाशी तरी पोचली?”

“नाही रे,” शरद म्हणाला. “बायकांचं गृह दुसऱ्या गावाला आहे.”