हात मागे

"हात मागे!" सर दारातच ओरडत. रांगेतली सगळी मुलं हात पाठीशी बांधत, तेव्हाच कुलूप निघे.

जामबागच्या आमच्या जुन्या शाळेत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, सरांनी जुन्या संगणकांचं संग्रहालय मांडलं होतं. शाळांनी आणि बँकांनी टाकून दिलेली यंत्रं. सर मूळचे परभणीचे, याच शाळेतले निवृत्त संगणक शिक्षक. शहरातल्या इतर शाळांच्या सहली तिथे येत.

माउसची वायर दुहेरी करून पोटरीवर मारली की वळ कसा उठतो, हे आमच्या वर्गाला चांगलं माहीत होतं. माझ्या शेजारच्या मुलाचा कान त्यांनी असा पिळला होता की पाळीतून रक्त आलं. मधल्या सुट्टीत त्याच मुलाला त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी दिली. चूक झाली, असं मात्र म्हणाले नाहीत.

निवृत्तीनंतरही हात थांबला नव्हता. संग्रहालयात त्यांनी एका मुलाच्या थोबाडीत मारली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं, "सर, पुन्हा कुणावरही हात उठला, तर खोल्या रिकाम्या करीन. यंत्रं भंगारात जातील."

सरांना दुसरं काही नव्हतं. अंबरपेठेतल्या घरी ते फक्त झोपायला जात. त्या दिवसापासून ते स्वतःचेही हात पाठीशी बांधून फिरू लागले.

माझ्या मुलाच्या वर्गाची सहल तिथे गेली, तेव्हा सोबत आलेल्या पालकांत मीही होतो.

"सर, इसमें गेम है क्या?" एकाने विचारलं.

"नक्को रे. यात नुसती अक्षरं."

"मग बघायचं काय?"

"तुझं नाव. हिरवं हिरवं."

पण हिरव्या अक्षरांचा तो मॉनिटर चापट खाल्ल्याशिवाय उजळत नसे. सरांनी दोन वेण्यांच्या एका मुलीला पुढे बोलावलं.

"मार. उजव्या बाजूला. मला परवानगी नाही."

मुलं हसली.

"किती जोरात, सर?"

"राग आल्यासारखं."

तिने मूठ वळून सगळा जोर लावला. मॉनिटर टेबलावरून सरकला आणि फरशीवर आदळला. काच फुटल्याचा मोठा आवाज झाला.

तिचे वडील पालकांतच होते. पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. बसमध्ये सगळ्या मुलांना पाण्याच्या बाटल्या त्यांनीच वाटल्या होत्या. ते शांतपणे पुढे आले आणि त्यांनी मुलीच्या कानाखाली मारली. ती पडली. त्यांनी वेणी धरून तिला उठवलं आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

"लोकांच्या वस्तू फोडतेस? घरचं कमी पडलं?"

"मी सांगितलं तिला मारायला," सर म्हणाले. "हात मागे, साहेब."

"माझी मुलगी आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

"हौ. हात मागे."

वडिलांनी पुन्हा वेणी ओढली. कपाळ पुन्हा कडेवर आदळलं, या वेळी रक्त आलं. मुलगी रडत नव्हती. मार खाण्याची तिला सवय असावी.

सरांचे हात सुटले. लोखंडी बुडाचा एक जुना कीबोर्ड त्यांनी उचलला आणि वडिलांच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. दुसरा घाव जबड्यावर बसला. वडील खाली कोसळले, तरी सर मारत होते. रक्ताळलेली बटणं मुलांच्या बुटांपर्यंत उडाली. मी आणि बसच्या ड्रायव्हरने मिळून त्यांना मागे खेचलं.

"मारलं तुम्ही?" पोलिसांनी विचारलं.

"हौ, मारलो."

"कशासाठी?"

"सवय आहे."

मुलीचा उल्लेख त्यांनी केला नाही. तो माझ्या जबाबात आला.

मुख्याध्यापिकांनी शब्द पाळला. जामिनावर सुटल्यावर सरांनी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ते परभणीला बहिणीकडे गेले. फोन उचलत नाहीत.

भंगारवाल्याचा ट्रक आला, त्या दिवशी मी मुलाला घेऊन गेलो होतो. ती मुलगीही आली होती. ती आता आईबरोबर काचीगुड्याला आजीकडे राहते. कपाळावरचे टाके निघाले होते. हमाल एकेक मॉनिटर ट्रकमध्ये फेकत होते, काचा फुटत होत्या. प्रत्येक आवाजाला तिचे खांदे उडत होते. ती शेवटपर्यंत फाटकापाशी उभी राहिली. हात तिने पाठीशी घट्ट बांधले होते. तसं सांगायला तिथे कुणी नव्हतं.