गेलेल्या बल्बांचं झुंबर

माझा दादा जन्मभर एका सभागृहात वायरमन होता. तिथले रंगपटातल्या आरशाभोवतीचे, जिन्यातले, दारावरचे बल्ब बदलणं हे त्याचं काम, आणि गेलेला बल्ब फेकून न देणं हा त्याचा आजार. निवृत्त होताना माणसं भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. हा गेलेल्या बल्बांची खोकी घेऊन आला.

त्यानं लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतो, जसं काही विजेचं बिल भरायचं राहून गेलं. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. मी कपडे शिवते. एकाच खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आणि भिंतीपाशी त्याचं टेबल. मधली हद्द मी पाळते. तो माझी रिळं, बटणं आणि विणायची सुई बिनदिक्कत उचलतो आणि वर मलाच विचारतो, "डावरे, तुझ्याकडे पिवळा दोरा नाही का?" मी डावखुरी आहे. शाळेत असल्यापासून त्याच्या तोंडी माझं हेच नाव आहे.

बल्ब पोकळ करणं हे नाजूक काम आहे. टोपी फडक्यात धरायची, तळाचा काळा भाग पकडीनं थोडा थोडा फोडायचा, आतली काचेची नळी मोडून तारेसकट बाहेर काढायची, मग बल्ब धुऊन वाळवायचा. त्यानंतर चिमट्यानं आत काय हवं ते घालायचं आणि टांगण्यासाठी मानेला तांब्याची तार गुंडाळायची. आमच्या प्रत्येक खिडकीत असे बल्ब लटकतात. काहींत पाणी आणि वेलाची फांदी, काहींत माझे दोरे. एकात त्यानं आगपेटीच्या काड्यांची खुर्ची उभी केली आहे. "कोण बसणार तिच्यावर?" मी विचारलं होतं. "कोणी नाही. म्हणून तर मोडणार नाही," तो म्हणाला. आलेगेले विचारतात, हे बल्ब लागतात का? लागले असते तर इथे कशाला आले असते?

मग माझ्या लेकीनं घर घेतलं आणि जेवायच्या टेबलावर टांगायला मामाकडे झुंबर मागितलं. दादा "बघू" म्हणाला. लोकांचं "बघू" म्हणजे नकार. दादाचं "बघू" म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण त्याचे हात थरथरायला लागले होते. ते त्यानं मला सांगितलं नव्हतं, आणि मला कळलंय हे मी त्याला सांगितलं नव्हतं. बटणांचे शर्ट घालायचे त्यानं बंद केले, आणि मी आयुष्यभर बटणं लावत आलेली बाई, मला ते कळू नये? चहा तो मी खोलीबाहेर गेल्यावरच प्यायचा. आणि टेबलावर एकामागून एक बल्ब फुटायला लागले.

"काच बिघडलीय हल्लीची," तो म्हणायचा.

"ही काच माझ्या लग्नाच्या आधीची आहे," मी म्हणायचे.

"मग तेव्हाची बिघडलेली असेल."

तसले काचेचे बल्ब आता कुठे मिळत नाहीत. नवे प्लॅस्टिकचे, त्यांच्या पोटात नुसता पत्रा. खोक्यात होते तेवढेच. ते संपले तर झुंबर संपलं, आणि झुंबर संपलं तर दादा त्या टेबलापाशी पुन्हा बसणार नाही, हे मला दिसत होतं. मला रडू आलं नाही, राग आला. या माणसानं अंधारात, शिडीच्या टोकावर चढून एका हातानं बल्ब बदलले होते. आता हातात पक्कड धरली की ती टेबलावर वाजायची.

तो फिरायला गेला की मी त्याच्या खुर्चीत बसायला लागले. पहिला बल्ब फोडला. दुसराही फोडला आणि तुकडे त्याच्याच तुकड्यांत मिसळून टाकले. तिसरा जमला. धुतला, पुसला, आत निळा दोरा सोडला, मानेला तार गुंडाळली आणि त्याच्या तयार बल्बांत ठेवून दिला. दादानं आल्यावर बल्बांकडे पाहिलं आणि चहा मागितला. मला वाटलं, पचलं.

आश्चर्य एवढंच, की ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा कंटाळा, तो आता दुपारभर फिरायला लागला. गुडघे धरत, लंगडत परत यायचा. मला वाटायचं, काम टाळतोय. थोडी चिडायचेही. पण माझ्या पथ्यावरच पडत होतं, म्हणून अडवलं नाही.

झुंबर झालं. लेकीच्या घरी जावई स्टुलावर चढले आणि दादानं दोन्ही हात खिशात घालून खालून हुकूम सोडले. मधला एकच बल्ब जिवंत होता. तो लागला आणि भोवतीच्या सगळ्या गेलेल्या बल्बांत थोडा थोडा उजेड गेला. लेक म्हणाली, "मामा, काय हात आहे तुझा!"

"निम्मे तुझ्या आईनं केलेत," दादा म्हणाला.

माझा चेहरा पडला. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. डावऱ्या माणसाचे तारेचे वेढे उलटे पडतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू थांबली असतीस."

"आणि ते गुडघे घेऊन दुपारभर भटकायची काय गरज होती?"

त्यानं झुंबराकडे पाहिलं. "तुझा हात सावकाश चालतो, डावरे. मी लवकर आलो असतो तर काम अर्धवट राहिलं असतं."

लेकीनं चहा आणला. मी सवयीनं उठले, त्याला एकट्याला पिता यावा म्हणून.

"बस," तो म्हणाला.

मी बसले. त्यानं माझ्यासमोर दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा चहा नव्या टेबलावर सांडला, तो मी पुसला, आणि उरलेला दादा प्यायला.