सरांनी कुणालाच उभं केलं नाही

बिराजदार सर गेल्याचं मला लोह्याच्या स्टँडसमोरच्या फ्लेक्सवरून कळलं. वर संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो, त्याखाली त्यांच्या चिरंजीवांचा, आणि खालच्या कोपऱ्यात कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापून काढलेले सर. कापताना शेजारच्या माणसाचा हात सरांच्या खांद्यावर तसाच राहून गेला होता. खाली लिहिलं होतं, 'संस्थेचा आधारस्तंभ हरपला'. ज्या संस्थेनं त्यांना मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून उठवलं, तिचाच आधारस्तंभ... मी रसवंतीच्या सावलीत उभी राहून सरांच्या घरी काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "परवाच माती झाली गं माय. कुणाला कळवू नका म्हणले होते. या फ्लेक्सवाल्यायला मात्र बरं लगेच कळलं!"

आमचं गाव लोहा तालुक्यातलं, पण हायस्कूल शिवेपलीकडं, अहमदपूरच्या बाजूला. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी गावच्या शाळेत चौथीत होते. गरीब घरच्या पोरांसाठी सरकारची सुकडी, भाजलेल्या पिठाचा खाऊ, यायची आणि गुरुजी मोठ्यानं म्हणायचे, "सुकडीवाले, उभे राहा." गुरुजी वाईट नव्हते. त्यांना सुकडी वाटायची होती, एवढंच. पण उभ्या राहिलेल्या पोरांकडं बाकीचा वर्ग मान वळवून बघायचा, आणि मग खेळातसुद्धा त्यांचं नाव 'सुकड्या' पडायचं. पाचवीला सरांच्या शाळेत गेले, तर पहिल्या दिवशी दुपारी सगळा वर्ग पुकाऱ्याची वाट बघत बसलेला. पुकारा झालाच नाही. शिपायानं एक मोठी टोपली आणून व्हरांड्यात ठेवली. घरून ज्यानं भाकर आणली असेल त्यानं ती टोपलीत टाकायची. मग सर मांडी घालून बसायचे, सगळ्या भाकरींचे तुकडे करून कालवायचे, वर सुकडी घालायचे आणि स्वतःसकट सगळ्यांच्या पुढ्यात सारखी वाढायचे. कुणी आणली, कुणी नाही, टोपलीला माहीत नसायचं. एकदा पाटलाचा नामदेव तोंडातला घास तसाच ठेवून ओरडला, "सर, ही भाकर आमची हाय!"

"कशावरून रे?"

"तीळ लावलेत की. आमच्याच घरी लावतेत."

सरांनी तो तुकडा नीट निरखला, खाल्ला आणि म्हणाले, "लई चांगली झालीय. आईला सांग, पाऊस पडेस्तोवर तीळ नको."

पुस्तकांचंही तसंच. सरकारच्या योजनेतून पुस्तकं यायची ती ठराविक मुलांसाठी. सरांनी नियमच केला होता, की ज्यांनी विकत घेतली असतील त्यांनीही आपली पुस्तकं आधी शाळेत जमा करायची. मग दहावीची पोरं बसून सगळ्यांना एकसारखी रद्दीची कव्हरं घालायची. योजनेच्या पुस्तकांवरचा शिक्का सर पहिल्या पानावर मारू द्यायचे नाहीत; तो शेवटच्या पानाच्या आत. त्यानंतर शाळेतलं प्रत्येक पोर, पाटलाचं असो नाही तर पाथरवटाचं, एकेक करून सरांच्या खोलीत जायचं. "दार लोटून घे," ते म्हणायचे. बाहेर येताना प्रत्येकाच्या हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा. कुणाला स्वतःचीच पुस्तकं परत मिळालेली असायची, कुणाला सरकारची. अहमदपूरचा एक किराणा दुकानदार भांडायला आला होता. "सर, आमच्या कोऱ्या पुस्तकाला रद्दीचं कव्हर? कुठला न्याय हाय हा?" सर म्हणाले, "शेठ, रद्दी तुमच्याच दुकानातली हाय. पुडी बांधताना चालती, मग पुस्तकाला का नाही?" शेठ हसतच गेले. पुढच्या वर्षी त्यांनीच रद्दी पाठवून दिली.

मी नांदेडला कॉलेज केलं, बी.एड. केलं आणि सरांच्याच शाळेत शिक्षिका म्हणून परत आले. तेव्हा लातूर जिल्हा नवानवाच झाला होता आणि शाळा त्यात गेली होती. नव्या जीपा, नवे शिक्के, नवे साहेब. अशात मागास मुलांसाठी सरकारी गणवेश आले. अध्यक्षांनी ठरवलं, वाटप मंडप घालून, साहेबांच्या हस्ते, एकेका मुलाला स्टेजवर बोलावून. सर म्हणाले, "अण्णा, कपडे मी खोलीत वाटतो."

"सर, जिल्हा नवा झालाय. काम दिसलं पाहिजे की लोकायला!"

"काय दिसलं पाहिजे? कापड, का पोरं?"

अण्णा हसले. सर हसले नाहीत. मी दारातच होते. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "एकदा उभं केलेलं पोर पुन्हा नीट बसत नाही, माय." कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी दार लोटून सगळे गणवेश वाटून टाकले. दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा, कुणी घरच्या तर कुणी सरकारच्या, पण एकसारख्याच पांढऱ्या-खाकीत मंडपात बसली. स्टेजवर हार होते, माईक होता, साहेब होते. द्यायला काहीच नव्हतं. साहेबांनी विचारलं, "यातले लाभार्थी कोणते?" सर म्हणाले, "ही सगळी माझी पोरं आहेत." मागं बसलेल्या आया फिदीफिदी हसल्या. मीही हसले. ते हसू किती महाग पडणार होतं, तेव्हा कळलं नाही...

महिनाभरात आवई उठली की सरांनी कपडे विकून खाल्ले. चौकशी लागली. सह्यांचे कागद सरांनी दिले होते, पण चौकशीला आलेल्यांना ते पुरेनात. त्यांना पोरं रांगेत समोर उभी हवी होती, गणवेशासकट, गावासमोर. पोरांच्या आईबापांची तयारी होती. एक म्हातारी तर सरांच्या अंगणात येऊन बसली : "मी नातवाला आणते की! लाज कसली आलीय? तुमची नोकरी चाललीय हितं!" मीही म्हणाले, "सर, फक्त अर्ध्या तासाचं काम आहे. मी पोरांना घेऊन येते." सरांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. ते म्हणाले, "मला वाचवशील माय तू. पण ती पोरं उद्या त्याच वर्गात बसायचीत." त्यांनी पोरं आणू दिली नाहीत. अहवालात 'वाटप सिद्ध होत नाही' असं आलं. मुख्याध्यापकपद गेलं आणि माहूरच्या डोंगराकडच्या शाखेत साधे शिक्षक म्हणून त्यांची रवानगी झाली. तिथूनच ते निवृत्त झाले. त्यांनी वाढवलेल्या पोरांत आज इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, तलाठी आहेत. 'कपडे खाणारा मास्तर' हे मात्र गावात कुणी पुसलं नाही, आणि ज्यांनी ते पसरवलं त्यांना ते पुसायची गरज कधी पडलीच नाही.

गेल्या महिन्यात आमच्या त्या जुन्या शाळेत शोकसभा झाली. सरांच्या फोटोवर हार, आणि माईकवर अण्णांचे चिरंजीव. शेवटी ते म्हणाले, "सरांच्यामुळं ज्यांना ज्यांना सरकारी योजनांचा लाभ मिळाला, त्यांनी कृपया जागेवर उभं राहावं." फोटोग्राफर पुढं सरकला. सभागृह सरांच्या विद्यार्थ्यांनी भरलेलं. केस पिकलेली माणसं... कुणीही उठलं नाही. माझ्या पुढच्या रांगेत नामदेव पाटील होता. त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. "लाजू नका," माईकवरून आवाज आला. सभागृह हाललं नाही. सरांना दिलेली एवढी मोठी श्रद्धांजली मी दुसरी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं : 'गुरूच्या ऋणाचा विद्यार्थ्यांना विसर'.

हे लिहायला बसले ते त्या बातमीमुळं. सरांच्या खोलीतून मी जो गठ्ठा घेऊन बाहेर आले, त्यात कुणाची पुस्तकं होती, हे मी इथंही लिहिणार नाही. ते सर आणि मी, दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीला माहीत आहे.

मी आता दुसऱ्या एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. या आठवड्यात गणवेश आले. सोबत मोबाईलवर सूचनाही आली, की वाटपाचा फोटो त्वरित पाठवावा. शाळेतलं प्रत्येक मूल एकेक करून माझ्या खोलीत आलं, प्रत्येकाला मी म्हणाले, "दार लोटून घे." सगळं झाल्यावर बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि त्या बंद दाराचा फोटो काढून पाठवून दिला. थोड्या वेळानं उत्तर आलं : 'लाभार्थी दिसत नाहीत.'