बोल्टांवरची रेघ

टास्मानियातल्या फ्रँकलिन गावच्या सामायिक सुतारशेडमध्ये चहा हवा असेल तर केल्विनला विचारायचं आणि करवतीला हात लावायचा असेल तर अल्विन पायबसला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अल्विन सत्तरी ओलांडलेला, लांबोडका, मोजकं बोलणारा. ह्युऑन नदीच्या वरच्या अंगाला एका लाकूडगिरणीत त्याची एकतीस वर्षं गेली, आणि डाव्या हाताची दोन बोटंही तिथंच गेली. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी करवतीवरचं झाकण काढलं होतं आणि तसं सांगितलं नव्हतं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. यंत्रांशी त्याचं तरीही जमायचं. माणसांकडे मात्र तो तेव्हापासून डोळे बारीक करून बघू लागला.

होबार्टमधला एक जुना सुतारी कारखाना बंद झाला आणि तिथली टेबल-करवत शेडला मिळाली. लोखंडी कपाटावर बसवलेलं जाड बिडाचं टेबल, मधून वर येणारं पातं. ट्रकमधून धक्के खात आल्यामुळे तिचं सगळं अंग हललं होतं. अल्विनने आधी टेबल समतल केलं, मग गुण्या लावून पातं काटकोनात आणलं. सगळ्यात किचकट काम शेवटी: पातं टेबलातल्या खाचेशी समांतर करणं. पात्याच्या एका दाताला लाल खूण करायची. मिलिमीटरचे शंभरावे भाग काचेवर आकड्यांत दाखवणारं मोजयंत्र खाचेत ठेवून तो दात पुढे असताना आकडा शून्य करायचा, पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा आकडा बघायचा. फरक आला तर टेबलाचे चार बोल्ट सैल करून लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे, शून्य येईपर्यंत. पातं तिरकं राहिलं तर लाकडाची कड जळते, आणि नशीब खराब असेल तर फळी उलटी येऊन पोटात बसते.

मंगळवारी संध्याकाळी चारच्या सुमारास शून्य आलं. अल्विनने बोल्ट आवळले आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कपाटाच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसेल.

गुरुवारी शेड उघडली तेव्हा चारही रेघा मोडलेल्या होत्या.

त्याने मोजयंत्र लावलं. शून्य. पुन्हा लावलं. शून्यच. म्हणजे कुणीतरी बोल्ट सोडले होते आणि टेबल परत होतं तिथंच आणून ठेवलं होतं. कशासाठी?

"उंदीर असेल," केल्विन चहाचा मग पुढे करत म्हणाला.

"पाना घेऊन आलेला?"

"टास्मानियातले उंदीर आहेत बाबा, काही सांगता येत नाही."

अल्विन हसला नाही. त्याने बोल्ट सोडून सगळं पहिल्यापासून लावलं, नव्या रेघा ओढल्या. त्या दुपारी केल्विनने बालवाडीच्या बाकांसाठी ब्लॅकवूडची फळी कापली, तर कडेवर काळपट डाग उठले. पुढच्या मंगळवारी रेघा पुन्हा मोडलेल्या, आणि सकाळी कापलेली फळी मात्र लोण्यासारखी स्वच्छ. अल्विनने परत सगळं लावलं. दुपारी परत डाग.

शेडच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक त्याची, एक केल्विनची. केल्विनला गुडघ्यांमुळे वाकता येत नसे. उरली डोरोटा विल्क. ही बाई चार महिन्यांपूर्वी लॉन्सेस्टनहून इथं राहायला आली होती. झाडलोटीसाठी सकाळी लवकर यायची, कुणी काही विचारलं तर हसून विषय बदलायची. मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला, असं केल्विन म्हणायचा. अल्विनला आता त्यातही काळंबेरं दिसायला लागलं. एवढं येतं तर गप्प का राहते? माझ्या करवतीची बदनामी करून हिला काय मिळवायचंय?

गुरुवारी सकाळी सात वाजता त्याने गाडी सफरचंदांच्या गोदामामागे लावली आणि चालत आला. दार अर्धं उघडं होतं. डोरोटा करवतीच्या उघड्या कपाटात खांद्यापर्यंत हात घालून गुडघ्यांवर बसली होती. विजेची पिन काढून तिने नीट टेबलावर ठेवलेली होती.

"सापडलात बाई," अल्विन म्हणाला.

ती दचकली, पण पाना सोडला नाही. "दार लावा. गार वारा येतोय."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे उघडायला?"

"कुणीच नाही."

"माझ्या कामात खोट काढायची होती तर तोंडावर काढायची. चोरासारखं कशाला?"

डोरोटा उठली, गुडघे झटकले. मोजयंत्र खाचेत ठेवून तिने ते त्याच्याकडे वळवलं. "अजून टेबल हलवलेलं नाही. तुम्ही ठेवलंत तसंच आहे. वाचा."

"शून्य, शून्य, शून्य."

"जवळून वाचा. माझं भिंग घ्या."

त्याने भिंग धरलं. करड्या काचेवरचा शेवटचा आकडा हळूहळू स्थिर झाला. शून्याच्या पोटात एक आडवी काडी होती. तो आठ होता.

"दरवेळी आठच," डोरोटा हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही ठोकत ठोकत खाली येता. दहा, नऊ, आठ. आठ तुम्हाला शून्य दिसतो आणि तुम्ही थांबता. तुमचा हात इतका नेमका आहे, अल्विन, की चूकसुद्धा दरवेळी तेवढीच."

अल्विनने भिंग खाली ठेवलं. गेल्या वर्षापासून रस्त्यावरच्या पाट्या धूसर दिसत होत्या, ते त्याने गाडीच्या काचेवरच्या धुक्यावर ढकललं होतं.

"सांगितलं का नाहीत?"

"चारचौघांत? तुम्ही परत आला नसतात."

"आणि न सांगता करवत हलवलीत, हे बरं केलंत?" त्याचा आवाज एकदम चढला. त्याने डावा हात तिच्यासमोर धरला. "हे असंच झालं होतं. न सांगता झाकण काढणाऱ्याचाही हेतू वाईट नसेल!"

डोरोटाचा चेहरा उतरला. बोटं कशी गेली, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "ते मात्र खरंच चुकलं."

अल्विन तसाच निघून गेला. पंधरा दिवस तो शेडकडे फिरकला नाही. केल्विन त्याच्या घरी जाऊन आला, तर दारातूनच "बरा आहे" एवढं ऐकून परतला. मग कळलं की तो होबार्टला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेचा नंबर यायला काही महिने लागणार होते.

तिसऱ्या मंगळवारी तो आला. हातात रंगाची डबी होती. कुणाला नमस्कार-चमत्कार न करता त्याने करवतीची पिन काढली, बोल्ट सैल केले आणि हातोडी उचलली.

"डोरोटा, तू आकडा वाच."

ती पुढे झाली. तो ठोकत गेला. "अकरा. नऊ. सहा. दोन. शून्य. थांबा."

"केल्विन, तू बघ."

"अरे, तिनं आत्ताच वाचला ना?"

"म्हणूनच बघ. आणि चष्मा पुसून बघ."

डोरोटा खो खो हसली. केल्विनने कुरकुरत चष्मा पुसला, वाकवत नव्हतं तरी वाकला. "शून्य आहे, शंकासुरा."

अल्विनने बोल्ट एकाआड एक आवळले आणि आकडा पुन्हा दोघांकडून वाचून घेतला. मग पिन लावली. ब्लॅकवूडची फळी पात्यातून एका सुरात पार झाली. त्याने करवत बंद केली, पातं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"जळलंय?" त्याने विचारलं. स्वतः उजेडात धरून बघितलं नाही.

"नाही," डोरोटा म्हणाली.

त्याने फळी केल्विनकडेही बघायला दिली.