हळव्या बियाण्याचा कॉम्प्युटर

आमचा नातू देवेश रसायनीला कारखान्यात जातो. कामाला चोख, पण निवड करायला बसला की संपलं. चपला घ्यायला जातो आणि तीन दुकानं फिरून जुन्याच पायात घालून परत येतो. लग्नाला तेवढा पहिल्याच मुलीला हो म्हणाला, ते आमचं नशीब.

कारखान्यातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्याने आणला तोही बायकोसाठीच. समीक्षाची मराठी टायपिंगची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. पास झाली तर कर्जतला कचेरीत अर्ज करता येणार. पण ते यंत्र सुरू होईपर्यंत चहा गार व्हायचा.

"आजी, मशीन म्हातारं हाय. त्याला आतली सिस्टिम झेपत नाय. हलकी टाकतो," देवेश म्हणाला.

मला पटलं. माळाच्या जमिनीत आमी हळवं भातच लावतो, थोड्या पाण्यात लवकर हाती येतं. गरवं लावलं तर दाणा भरायच्या आत पाणी संपतं.

पण याला हलक्यातही दहा सापडल्या. पहिली टाकली, बरी चालली. दोन दिवसांनी दुसरी, का तर ती त्याहून हलकी. मग तिसरी. दर वेळी हार्ड डिस्क पुसायची, की समीक्षाचे सरावाचे धडे गेले, मराठी कीबोर्ड गेला. ती बिचारी पोळपाटावर बोटं आपटून सराव करायची.

"अवो, पहिली काय वाईट होती?" तिनं विचारलं.

"वाईट नाय गं. हिला मेमरी कमी लागते."

"माझेही दिवस कमीच राहिलेत."

बारा दिवस उरले आणि हा चौथी घेऊन बसला.

"देवेश, लावलेलं रोप उपटून मूळ बघतं का रं कोणी?"

"आजी, डिस्कला हात नाय लावत. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघतो."

"म्हणजे आधीच्या पण तशाच बघता आल्या असत्या?"

तो कान खाजवायला लागला.

मी हात पुढे केला. पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात गेला आणि समीक्षाने तिसरीवरच कीबोर्ड लावून घेतला. काल तिचे मिनिटाला तीस शब्द बसले, परीक्षेला लागतात तेवढे. टकटक अंगणापर्यंत येते. देवेश ओट्यावर बसून मोबाइलवर पाचव्या सिस्टिमची माहिती वाचतो.

वाचू दे. वाचल्याने काय पुसलं जात नाय.