युद्ध नको, एवढंच लिहिलं होतं

"धू. तुम्हा लोकांना सवय आहे या कामाची."

संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी बादली पायाने माझ्याकडे सरकवली. धुळ्यातलं आमचं कॉलेज, भर दुपार, गॅलरीत सगळी पोरं. भिंतीवर आम्ही पाच जणांनी गेरूने लिहिलं होतं, युद्ध नको. बाकीच्या चौघांना नुसतं दटावून घरी पाठवलं. बादली माझ्यापुढेच. आधी आडनावं विचारून घेतली होती ना सगळ्यांची.

मी धुतली भिंत. आठवलं की अजून अंगाची लाहीलाही होते. हॉस्टेल जाईल, शिक्षण सुटेल, या भीतीने हात चालत राहिला. वरून कुणीतरी शिट्टी मारली.

माझा भाऊ फौजेत आहे. सीमेवर गोळीबार सुरू झाला तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. शिरपूरकडच्या आमच्या गावात, बौद्धवाड्यात, आई मोबाईल पदरात बांधून मजुरीला जायची. इकडे युद्ध पेटलं म्हणून कॉलेजात फटाके फुटले, पेढे वाटले. अरे, मरायला पाठवताय कुणाची पोरं? तुमचा एक तरी आहे का तिथे? चेअरमनचा मुलगा परदेशात शिकतो.

त्याच आठवड्यात कॉलेजने जवानांच्या आयांचा सत्कार ठेवला. माझ्या आईलाही गाडी पाठवून आणलं. शाल, नारळ, ओवाळणी. चेअरमन आईच्या पाया पडले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, परत एकदा." ते परत पडले.

मी मागे उभी होते. प्राचार्यांनी माझ्याकडे बोट करून चेअरमनच्या कानात काही सांगितलं; ही त्याच मुलीची आई, हेच असणार. दोघांचं काहीतरी ठरलं. मग प्राचार्य मला स्टेजच्या पायरीशी घेऊन आले.

"चूक झाली म्हण माईकवर. हॉस्टेल राहील तुझं. जवानाच्या बहिणीने माफी मागितली तर चांगलं दिसेल."

चांगलं दिसेल म्हणे. माझं डोकंच फिरलं.

आईने ऐकलं. ती स्टेजवरच्या खुर्चीतून वाकून आमच्या अहिराणीत म्हणाली, "काय लिखं व्हतं वं तुनी?"

"युद्ध नको."

"मंग त्यामा खोटं काय शे? मना पोऱ्या तठे सीमावर शे."

तिने शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मी माईक घेतला. "भिंतीवर मी लिहिलं. भाऊ जिवंत परत यावा म्हणून लिहिलं. यात माफी कसली? मी मागणार नाही." त्यांनी माईक बंद केला, पण तोवर माझं बोलून झालं होतं.

हॉस्टेल गेलं. संध्याकाळी पेटी घेऊन आम्ही दोघी एसटी स्टँडवर बसलो. आई एवढंच म्हणाली, "कॉलेज सोडू नको."

सोडलं नाही. रोज गावाहून पहाटेच्या गाडीने येते, पुढच्याच बाकावर बसते. तास संपले की ‘युद्ध नको’ लिहिलेला कागद धरून गेटसमोर उभी राहते, एकटी असले तरी. भावाचा फोन अजून लागलेला नाही. प्राचार्य परवा म्हणाले, दाखला घेऊन जा, उगाच त्रास नको. मी म्हटलं, त्रास मला नाही, तुम्हाला होतोय. मला काढायचं तर पोलीस बोलवा, ओढून न्या. माझ्या पायाने मी इथून जाणार नाही.